बांगड्या आणि चुडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आजी आठवडी बाजारात बांगड्या भरायला बसायची. तिच्या पेटीशेजारी बसून जे पाहिलं, ऐकलं त्याच्या जोरावर लोक मला प्रश्न विचारतात. लग्नसराई सुरू झाली, श्रावण लागला की फोन आणि मेसेज वाढतात. बरेच प्रश्न तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. रीत घरागणिक बदलते. तुमच्या घरची वेगळी असेल तर घरच्या मोठ्या बायकांचं ऐका, माझ्यासाठी ती मोडू नका.

१. बांगडी, काकण, चुडा, कडं... हे सगळं एकच का?

मनगटात घालायचं गोल वळं, एवढं सगळ्यांत सारखं. रोजच्या बोलण्यात काचेची ती बांगडी. गावाकडे तिलाच काकण म्हणतात, संस्कृतातलं कंकण ते हेच. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ या म्हणीतलंही हेच. घोटाळा लग्नात होतो. नवरानवरीच्या मनगटाला दोऱ्यात हळकुंड बांधतात, त्यालाही काकणच म्हणतात आणि नंतर काकणं सोडायचा खेळ होतो. त्यामुळे काकण बांधणं वेगळं आणि काकणं भरणं वेगळं. चुडा म्हणजे हातात एकत्र भरलेला अख्खा संच, विशेषतः लग्नातला. कडं जाड आणि एकटं असतं, ते पुरुषही घालतात (प्रश्न १६). इंग्रजीतला ‘बँगल’ हा शब्दही हिंदी ‘बंगडी’वरूनच तिकडे गेला.

२. बांगड्या ‘घातल्या’ म्हणायचं की ‘भरल्या’?

कपाटातून काढून आपल्या आपण चढवल्या तर घातल्या. कासारानं किंवा कासारणीनं आपला हात हातात घेऊन चढवल्या तर भरल्या. मला या ‘भरणे’ शब्दाचं फार मोल वाटतं, कारण त्यात दुसरं माणूस लागतं.

आजी कुणाचंही माप टेपनं घेत नसे. समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायची आणि ‘दोन-सहा’ म्हणून मोकळी व्हायची. मग अंगठा तळव्यात मुडपायचा, करंगळीच्या बाजूचं हाड आत दाबायचं आणि बांगडी तिरकी करून आधी चार बोटांच्या पेरांवरून, मग अंगठ्याच्या उंचवट्यावरून सरकवायची. हे चालू असताना ती माहेरचं विचारायची. भाऊ काय करतो, पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का. बाई बोलायला लागली की हात सैल पडतो, हे तिचं गणित. पेरांवर बांगडी आली की बाई श्वास रोखते, नेमका तेव्हाच प्रश्न टाकायचा. भरून झालं की बाई आधी बांगड्यांना हात लावून मग आजीला नमस्कार करायची, वयानं मोठी असली तरी.

हे काम मुख्यतः कासार समाजाचं. कालिका ही त्यांची देवी. तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांनाही कासार म्हणतात, म्हणून नवख्यांचा गोंधळ उडतो. मुसलमान मणियारही पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकत आणि भरत आले आहेत. कित्येक गावांतल्या सगळ्या लेकीसुनांचे चुडे एकाच मणियाराच्या घरानं भरलेले असतात.

३. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ का म्हणतात? तो अपशकुन असतो का?

अशुभ वाटणारी गोष्ट मराठीत उलट्या शब्दानं सांगतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. कुंकू पुसत नाहीत, वाढवतात. तशीच बांगडी वाढवली. बारीक तडा गेला असेल तर बांगडी पिचली.

यामागे धास्ती आहे, ती खोटी नाही. चुडा नवऱ्याच्या आयुष्याशी जोडला गेला होता. पेशवाईतल्या पत्रांमध्ये सुवासिनीच्या नावाआधी ‘वज्रचुडेमंडित’ असं लिहीत. वस्तू काचेची, धक्क्यानं तडकणारी, आणि तिला म्हणायचं वज्र! त्या काळच्या बायकांना काय काळजी असायची ते या एका शब्दात दिसतं.

पण काच फुटतेच. धुण्याच्या दगडावर, बसच्या दांडीवर, लेकराला उचलताना फुटते. त्यात शकुन-अपशकुन काही नाही. फुटली की आधी मनगटात काच घुसली नाही ना ते उजेडात बघा आणि पिचलेली असेल तर ती लगेच काढा, कारण पिचलेल्या बांगडीची धार फुटलेलीपेक्षा जास्त कापते. फरशी ओल्या कापडानं पुसून घ्या. आमच्या लहानपणी तुकडे टाकून देत नसू. त्यांचा काचापाणीचा डाव व्हायचा किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर वाकवून एकात एक अडकवून माळ व्हायची.

४. लग्नात हिरवाच चुडा का? तो कधी आणि कोण भरतं?

हिरवा रंग पेरलेल्या, उगवलेल्या रानाचा. घर वाढावं, भरावं ही त्यातली इच्छा. देवीची ओटी भरताना हिरव्या बांगड्या आणि हिरवा खण असतो, नवरीचा शालू हिरवा असतो, त्याच ओळीत हा चुडा बसतो. महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात हिरवा, उत्तरेत लाल, बंगालमध्ये पांढरा आणि लाल. म्हणजे रंग प्रांताची रीत सांगतो, कुठल्या एका शास्त्राची आज्ञा नव्हे (प्रश्न ११).

चुडा नवरीच्या घरी, बहुधा हळदीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरतात. कासार घरी येतो. आधी देवीच्या नावच्या बांगड्या बाजूला काढतात, मग नवरीचा चुडा, मग मांडवातल्या सगळ्या बायकामुलींचे हात. पैशाखेरीज कासाराला नारळ किंवा शिधा देऊन मान करण्याची पद्धत आहे. ती टिकवा असं मी आवर्जून सांगेन. पाकिटातला तयार संच सोयीचा असतो, पण मांडवात दोन तास चाललेला तो किणकिणाट आणि ‘मला या नको, त्या दाखवा’ हा गलका त्यात नसतो.

साधी हिरवी, सोनेरी वर्खाची राजवर्खी, टिकल्यांची, कुठलीही चालते. चुडा किती दिवस ठेवायचा याची सक्ती नाही. बऱ्याच घरांत पूजा आणि देवदर्शन होईपर्यंत नवरी तो उतरवत नाही.

५. प्रत्येक हातात किती बांगड्या? एकच घातली तर चालते का?

बहुतेक घरांत आकडा विषम ठेवतात, काही घरांत एका हातात दुसऱ्यापेक्षा एक जास्त भरतात. डझनावर घेतलेल्या बांगड्या त्यामुळे बरोबर वाटल्या जात नाहीत आणि दुकानात एकदोन सुट्या मागाव्या लागतात. कासार मागितलं तर देतोच. फुटली तर हाताशी असावी म्हणून त्याच रंगाच्या दोनचार जास्त घ्या.

एक घातली तर काही बिघडत नाही, फक्त आवाज होणार नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक कुमारिका आहे. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, म्हणून ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचली. तिला बघायला पाहुणे येतात, घरात दुसरं कुणी नसतं. ती आत भात कांडायला बसते आणि हातातली शंखाची कंकणं वाजू लागतात. घरची मुलगी स्वतः कांडते हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती लाजते आणि एकेक कमी करत जाते. दोन राहतात तरी नाद येतो. एकच उरलं तेव्हा थांबतो. अवधूत त्यातून एकांताचा धडा घेतो. मला त्यात ती पोर दिसते, गरिबी झाकायला स्वतःचे हात रिकामे करणारी.

६. २.४, २.६, २.८ म्हणजे काय? २.१० ही २.२ पेक्षा लहान असते का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हा दशांश नाही. पहिला आकडा इंच आणि दुसरा इंचाचे सोळावे भाग, जसे रुपयाचे सोळा आणे. माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं. म्हणून २.४ म्हणजे सव्वादोन इंच, २.८ म्हणजे अडीच इंच. २.१० म्हणजे दोन इंच आणि दहा सोळांश, म्हणजे ती २.८ पेक्षाही मोठी. तोंडी ‘दोन-दहा’ म्हणा, ‘दोन पॉइंट एक’ कधीच म्हणू नका.

घरी मोजायचं असेल तर अंगठा करंगळीकडे मुडपा, पंजा सर्वांत रुंद असतो तिथे, म्हणजे पेरांभोवती, टेप फिरवा. मनगट मोजू नका, बांगडीला पंजा ओलांडायचा असतो. घेर १७ सेंटिमीटर आला तर २.२, १८ ला २.४, १९ ला २.६, २० ला २.८ आणि २१ ला २.१०. गणित इतकं सरळ बसतं की मला दर वेळी नवल वाटतं. मधलं माप आलं तर काचेसाठी मोठं घ्या. नेहमी भरून घेणाऱ्या बाईचा हात मऊ असतो, तिला कासार बिनधास्त एक माप लहान चढवतो. तो प्रयोग घरी करू नका. कडं किंवा जाड पाटली घेताना मात्र प्रत्यक्ष घालूनच बघा.

७. कासार नाही. घरीच कशा भरायच्या, आणि अडकली तर कशी काढायची?

दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा, एकटीनं काच रेटताना हात ताठ होतो. हात कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, साबणाचा फेस किंवा खोबरेल लावा. कोपर गुडघ्यावर टेकवा, पंजा खाली सैल सोडा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी पंजावर चढवून तिच्यावरून बांगडी सरकवली तर कातडी ओढली जात नाही, नंतर पिशवी अलगद काढून घ्यायची. पद्धत प्रश्न २ मधलीच, बांगडी तिरकी करून. सकाळी उठल्या उठल्या किंवा फार उकाड्यात हात सुजरे असतात, तेव्हा नको.

निघत नसेल तर हात डोक्याच्या वर पाचदहा मिनिटं धरा, मग गार पाणी आणि तेल. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. काच मनगटावरच फोडायला जाऊ नका.

८. पाटल्या, गोठ, तोडे, बिलवर यांत फरक काय?

पाटली चपटी आणि रुंद, जोडीनं घालतात. गोठ जाड, गोल, गुळगुळीत, नक्षी नसलेला. तोडा भरीव, घडणीचा आणि वजनदार, पुष्कळदा मळसूत्राच्या फिरकीचा. बिलवर नाजूक नक्षीचा. पिछोडी हातात मागच्या बाजूला, कोपराकडे घालायची. मोत्याच्या बांगड्या वेगळ्या. काचेच्या बांगड्या सोन्याच्या मधोमध भरल्या की दोन्हीकडून आधार मिळतो आणि हात भरलेला दिसतो. सोनं नसेल तर नुसता काचेचा चुडाही पूर्ण असतो. कुणाच्या हातात सोनं नाही म्हणून तिला लंकेची पार्वती म्हणू नये, हे मी आमच्या घरातल्या मोठ्यांनाही सांगत आले आहे.

९. काचेच्या बांगड्या बनतात कुठे?

मुख्यतः उत्तर प्रदेशात आग्र्याजवळच्या फिरोझाबादला. आपल्या गल्लीतल्या पेटीतली बांगडीही बहुधा तिथलीच. भट्टीतली वितळलेली काच फिरत्या दांड्यावर तारेसारखी गुंडाळतात, तिची लांबच लांब स्प्रिंग होते. ती उभी कापली की तोंड उघडी असलेली कडी सुटतात. मग ती घरोघरी जातात. ज्योतीवर तापवून पातळी सरळ करायची ती सधाई आणि तोंडं जुळवायची ती जुडाई. हे काम बायका आणि कुटुंबं घरातल्या धुरात बसून करतात, मोबदला नगावर आणि फार थोडा. या धंद्यात लहान मुलांनाही राबवलं गेलं आहे. डझनामागे दहा रुपयांसाठी घासाघीस करताना मला ती ज्योत डोळ्यांपुढे येते.

ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली आसपासच्या पट्ट्यात कोळशावर बंधनं आणली, तेव्हापासून तिथल्या भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या.

घेताना बांगडीवरून बोट फिरवा, सांधा हाताला लागतो. तो टोचता कामा नये. दोन बांगड्या एकमेकींवर हलके वाजवा. चांगली खणखणते, पिचलेलीचा आवाज बद्द येतो.

१०. लाखेच्या बांगड्या वेगळ्या कशा? त्या सांभाळायच्या कशा?

लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यानं स्रवलेली राळ. ती तापवून, रंग घालून लाटतात, वळी करतात आणि गरम असतानाच खडे, आरसे बसवतात. जयपूरच्या मनिहारों का रास्ता या गल्लीत आणि हैदराबादला चारमिनारजवळच्या लाड बाजारात हे काम समोर बसून करून देतात. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

लाखेचा गुण म्हणजे ती तापवून कारागीर माप थोडं सैल करून देऊ शकतो. दोषही तोच. उन्हात ठेवलेल्या गाडीत, कढत पाण्यात, शेगडीजवळ ती मऊ पडते आणि खडे निसटतात. पोळ्या लाटताना काढून ठेवा. प्लॅस्टिकच्या बांगड्या तर गॅसजवळ मुळीच नकोत, त्या पेट घेतात.

११. इतर प्रांतांत काय घालतात?

बंगालमध्ये लग्न झालेली बाई शंखाची पांढरी शांखा, तांबडी पोला आणि लोखंडाचं नोआ घालते. शंख करवतीनं आडवा कापून त्याची कडी काढतात आणि वर कोरीवकाम करतात. बांकुडा जिल्ह्यातलं बिष्णुपूर या कामासाठी नावाजलेलं आहे. पंजाबात लाल-पांढरा चुडा मामा आणतो. तो कच्च्या दुधाच्या पाण्यात धुऊन भाचीला घालतात आणि तिनं तो आधी बघायचा नसतो. त्याला लटकवलेले घुमटाकार झुंबरासारखे कलीरे. बिहारमध्ये लाखेची लहठी. आसामात गामखारू, रुंद आणि कडीनं मिटणारं, चांदीचं किंवा सोन्याचा मुलामा दिलेलं. आपल्याच राज्यात बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या दंडापर्यंत पांढरे चुडे दिसतात.

पंजाबी चुडा आणि मामा, आपल्याकडे लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहणारा मामा. आईचं माहेर मुलीला सासरी पोचवायला येतं, हे दोन्हीकडे सारखं आहे.

१२. ही चाल किती जुनी?

मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली ब्राँझची नर्तकी आठवा. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, वय साधारण साडेचार हजार वर्षं. अंगावर वस्त्र नाही, पण डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, चोवीस-पंचवीस तरी, आणि उजव्यात चार. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजस्थानातल्या हडप्पा काळाच्या एका स्थळाचं नावच कालीबंगा, म्हणजे काळ्या बांगड्या. तिथे जमिनीवर भाजक्या मातीच्या बांगड्यांचे तुकडे विखुरलेले होते, त्यावरून ते पडलं. शंखाच्या बांगड्याही त्या काळी बनत होत्या.

त्या नर्तकीचं लग्न झालं होतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. हे प्रश्न १९ वाचताना लक्षात असू द्या.

१३. पणजीच्या हस्तिदंती बांगड्या घरात आहेत. विकता येतील का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीनं बंद झाला आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीनं. वारसानं आलेली वस्तू हे वेगळं प्रकरण आहे, पण तिचे कागद लागतात. वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. परदेशी जाताना पिशवीत टाकू नका, ऑनलाइन फोटो टाकून गिऱ्हाईक शोधू नका. कासवाच्या पाठीच्या बांगड्यांनाही हीच सावधगिरी. राजस्थान-गुजरातकडे आता जे पांढरे चुडे मिळतात ते प्लॅस्टिकचे असतात.

१४. डोहाळजेवणाला बांगड्या का भरतात?

सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि हिरव्या बांगड्या. तामिळनाडूत तर या सोहळ्याचं नावच वळैकाप्पु, वळै म्हणजे बांगडी. येणाऱ्या प्रत्येक बाईनं गर्भवतीच्या हातात बांगड्या चढवायच्या. तो किणकिणाट बाळाला ऐकू जावा अशी भावना. सातव्या महिन्यापर्यंत गर्भाला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागलेले असतात, तेव्हा ती भावना पोकळ नाही. व्यवहाराची बाब म्हणजे या दिवसांत हातांना सूज येते. नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या आणि रात्री झोपताना उतरवा.

१५. कुमारिकेनं हिरव्या बांगड्या घालाव्यात का? लहान बाळाला कोणत्या?

घालाव्यात की! काही घरांत पूर्ण हिरवा चुडा लग्नासाठी राखून ठेवतात, म्हणून मुली इतर रंग मिसळतात, एवढंच. तान्ह्या बाळाला काळ्या मण्यांच्या मनगट्या किंवा बिंदल्या, दृष्ट लागू नये म्हणून. मणी ओवलेला दोरा पक्का आहे ना ते दर आठवड्याला ओढून बघा, सुटा मणी बाळ तोंडात घालतं. काच लहानग्यांना नकोच. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवरीसाठी हलव्याच्या बांगड्याही करतात, त्या मुंग्यांपासून जपायच्या.

१६. पुरुषांनी घालायचं काय? आणि ‘हातात बांगड्या भरल्यात का’ असं का म्हणतात?

शिखांचं लोखंडी कडं पाच ककारांपैकी एक, ते स्त्रीपुरुष दोघंही घालतात. आपल्याकडे पैलवानाच्या हातात चांदीचं कडं असायचं, देवाच्या नावाचं तांब्याचं कडंही पुष्कळांच्या हातात दिसतं.

तो टोमणा मात्र मला सहन होत नाही. मोर्च्यात अधिकाऱ्याला बांगड्या देतात, भेकडपणाची खूण म्हणून. माझ्या आजीच्या पेटीपुढे बसणाऱ्या बायका दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या असायच्या. हाताला घट्टे, नखांत माती आणि तरी मनगटात हिरवी काच. भेकड कोण होतं त्यांच्यात? तुमच्या आंदोलनात ही गोष्ट ठरत असेल तर नको म्हणा.

१७. बांगड्यांनी रक्ताभिसरण सुधारतं, असा मेसेज येतो. खरं आहे का?

सैल बांगडी नसेवर दाब देतच नाही आणि घट्ट बांगडी रक्त अडवते. मग सुधारतं कसं? बांगडी सुंदर आहे, जुनी आहे, आपली आहे. तिला औषधाचं सोंग देण्याची गरज नाही.

१८. ऑपरेशन किंवा एमआरआय असेल तर काढाव्याच लागतात का?

हो, सगळ्या. धातू एमआरआयच्या खोलीत न्यायचाच नसतो. शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणानं धातूखाली भाजू शकतं आणि नंतर हात सुजला तर काचही अडकते. आदल्या रात्री घरीच, प्रश्न ७ प्रमाणे उतरवा. माझ्या आत्याच्या वेळी एका दवाखान्यात काही न विचारता कटकट करत चुडा फोडला. काढायला तिची ना नव्हती, पण तशा फोडलेल्या ती वर्षभर विसरली नाही. घरी, लेकीच्या हातानं, एकेक उतरवून डब्यात ठेवल्या असत्या तर ते दुःख टळलं असतं.

१९. नवरा वारल्यावर बांगड्या फोडल्याच पाहिजेत का?

नाही. कायदा तसं सांगत नाही आणि माणुसकी तर नाहीच. बाई दुःखानं कोसळलेली असताना चारचौघांत तिचे हात दगडावर आपटायचे, यात मेलेल्याचाही मान नाही. मी हे लहानपणी पाहिलं आहे. त्या बाईच्या मनगटावरची रक्ताची बारीक रेघ मला अजून दिसते. आणि पुढे सात महिने ती आमच्या पेटीसमोरून मान खाली घालून जायची. आजीनं भरलेल्या बांगड्या होत्या त्या.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे गावात करायचं नाही. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्यानं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला नसेल तर ग्रामसभेत विषय मांडता येतो.

तिला स्वतःला उतरवाव्याशा वाटल्या तर तोही तिचा हक्क. तिनं उतरवणं वेगळं आणि इतरांनी फोडणं वेगळं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणाऱ्या घरांत मी एवढंच सुचवते की त्या वेळी एका खंबीर बाईनं तिचा हात धरून शेजारी बसावं आणि सोडू नये.

२०. बाबा गेल्यापासून आईचे हात मोकळे आहेत. माझ्या लग्नात तिनंही चुडा भरावा असं वाटतं, पण ती घाबरते. काय करू?

आधी एकटीत विचारा, पाहुण्यांसमोर नको. नाही म्हणाली तर पुन्हा एकदाच विचारा. चुडा भरायच्या दिवशी मांडवात सगळ्यांदेखत बसवू नका. आदल्या संध्याकाळी घरातल्या घरात, कासारणीला किंवा तुमच्या मावशीला बोलवा. हिरव्याच हव्यात असं नाही, तिच्या आवडीचा रंग विचारा. लग्नाआधी तिला कोणता आवडायचा ते बहुधा कुणी विचारलेलंच नसतं. माझ्या आईनं जांभळ्या सांगितल्या होत्या. आम्हा भावंडांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

इतक्या वर्षांत हात कडक झालेला असतो, म्हणून तिच्या जुन्या मापापेक्षा एक मोठं घ्या. जुनं २.४ असेल तर २.६. हात कोमट पाण्यात जरा जास्त वेळ ठेवा. आधी एकेका हातात दोनच भरा आणि थांबा. तिला हात हलवून बघू द्या. आणखी हव्या असतील तर ती स्वतःच हात पुढे करेल, तेव्हा उरलेल्या भरा.